हॅलिबट: घेताना काय विचारायचं आणि आचेवरून कधी उतरवायचा

एप्रिल उजाडला की इकडे सिएटलला मासळीच्या दुकानात बर्फावर ते जाडजूड पांढरे तुकडे दिसायला लागतात आणि मग ओळखीतलं कोणीतरी फोन करतंच, अगं हॅलिबट आणलाय, सुरमईसारखा तळू का. तळ की, पण सुरमईसारखा नको. सुरमईला स्वतःचं तेल असतं, तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिली तरी ती सांभाळून घेते. हॅलिबटमध्ये तेल जवळजवळ नसतंच त्यामुळे जरा जास्त शिजला की कापूस चावल्यासारखं लागतं, आणि पाउंडाला पंचवीस-तीस डॉलर मोजून कापूस खायची वेळ आली की जीव हळहळतो. पण शिजवायचं नंतर बघू, आधी घ्यायचा कसा ते सांगते, कारण माझ्या मते निम्मं काम दुकानातच होतं आणि ते नीट केलं तर पुढच्या पिढीलाही हा मासा खायला मिळेल.

हा मासा म्हणजे आपल्याकडच्या लेपीचा फार मोठा भाऊबंद समजा. चपटा, तळाशी वाळूत पडून राहणारा, वरची बाजू शेवाळी-तपकिरी आणि खालची एकदम पांढरी, दोन्ही डोळे एकाच बाजूला, आणि ते सुद्धा उजव्या. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तो साध्या माशासारखाच उभा पोहतो, एकेक डोळा दोन्हीकडे असतो, मग इंचभर व्हायच्या सुमारास डावा डोळा सरकत सरकत डोक्यावरून उजवीकडे येतो आणि मासा आडवा होतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दुकानात अख्खा मासा मांडलेला होता त्याच्याकडे मी कितीतरी वेळ बघत उभी होते. मादी भयंकर मोठी होते, पाचशे पाउंडापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, नर मात्र क्वचितच शंभराच्या वर जातो. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे मादी अंडी घालायच्या वयात यायला साधारण १२ वर्षं लागतात. आपली मांदेली-बोंबील वर्षभरात तयार होतात तसं इथे नाही, एक मोठी मादी काढली की तिची जागा भरायला एक तप लागतं. म्हणून हा मासा कुठून आला, कसा धरला हे विचारणं म्हणजे उगाच मिजास नाही.

तर पहिला प्रश्न, कुठल्या समुद्रातला. पॅसिफिक हॅलिबट आणि अटलांटिक हॅलिबट हे दोन वेगळे मासे आहेत, दिसायला सारखे, पण दोघांची कहाणी एकदम वेगळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकातच अटलांटिक हॅलिबट इतका उपसला की तो आजपर्यंत नीट सावरलेला नाही, तिकडे न्यू इंग्लंडच्या समुद्रात बोटीला एका फेरीत एकच हॅलिबट ठेवायची परवानगी असते, यावरूनच काय ते समजा. त्यामुळे अमेरिकेच्या पाण्यातला अटलांटिक हॅलिबट असं लिहिलेलं दिसलं तर मी घेत नाही. कॅनडाच्या अटलांटिक बाजूला मात्र तो गेल्या काही दशकांत छान सावरलाय, तिथला घ्यायला हरकत नाही, आणि नॉर्वेत तो पाळतात सुद्धा. पण आपण पश्चिम किनाऱ्यावर राहतो ना, मग आपल्यासाठी सरळ उत्तर अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, नाहीतर वॉशिंग्टनच्या समुद्रातला पॅसिफिक हॅलिबट. पाटीवर फक्त हॅलिबट एवढंच लिहिलं असेल तर विचारायचं. चांगला दुकानदार राज्य तर सांगतोच पण कधी कधी बंदराचं नाव सांगतो, अलास्कातलं होमर, कोडियाक, सिटका, नाहीतर इथलंच नीआ बे.

या पॅसिफिक हॅलिबटची राखण बघणारी संस्था अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून १९२३ साली करार करून उभी केली, तिचं ऑफिस इथेच सिएटलमध्ये आहे. शंभर वर्षांपूर्वीच त्या लोकांना कळलं होतं की मासा सीमा बघून पोहत नाही आणि दोघांनी मिळून हात आवरला नाही तर दोघांचंही नुकसान. त्यांनी अगदी पहिलं काम केलं ते हिवाळ्यात मासेमारी बंद ठेवायचं, कारण नोव्हेंबर ते मार्च हा मासा खोल समुद्रात जाऊन अंडी घालतो. हे वाचलं तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. मी रेवदंड्याची. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, कोळीवाड्यात जाळी दुरुस्त चाललेली, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात उतरायचं नाही असं आम्ही बघतच मोठे झालो. आई त्या दोन महिन्यांत सुकटीवर आणि सोड्यांवर घर चालवायची, ताज्या मासळीचं नाव काढलं की म्हणायची, आता ती पोटुशी आहे, तिला राहू दे. तेच इथे. मार्चच्या मध्यानंतर हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कोणी ताजा पॅसिफिक हॅलिबट म्हणून विकत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा. बहुतेक तो फ्रीझरमधून काढून बर्फ सोडवून ठेवलेला असतो. त्यात वाईट काही नाही पण मग त्याला ताजा म्हणू नये आणि ताज्याचा भाव लावू नये.

दुसरा प्रश्न, कसा धरला. हॅलिबट बहुतांश गळाने धरतात, समुद्राच्या तळाशी लांबच लांब दोरी सोडतात आणि तिला ठरावीक अंतरावर आमिष लावलेले गळ असतात. जाळ्याने तळ खरवडून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गळ आता गोल वळलेले असतात, १९८० च्या दशकात ते आले, मासा बहुतेक वेळा जबड्याच्या कडेला अडकतो त्यामुळे लहान मासा निघाला तर तो जिवंत सोडता येतो. आणि सोडावाच लागतो, धंद्याच्या बोटींना ३२ इंचाच्या आतला हॅलिबट ठेवता येत नाही. दोरी सोडताना आमिषावर समुद्रपक्षी झडप घालतात आणि गळाला अडकून बुडतात, म्हणून बोटीच्या मागे फडफडणाऱ्या रंगीत पट्ट्या बांधतात की पक्षी लांब राहतात, अल्बट्रॉससारखे दुर्मिळ पक्षी त्यामुळे वाचलेत. आणि याच्याही आधीचं सांगायचं तर अलास्का-ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे त्लिंगित आणि हायडा हे मूळनिवासी लोक शेकडो वर्षं लाकडाचे कोरीव गळ वापरायचे, त्यांचा आकारच असा असायचा की फार लहान मासा अडकणार नाही आणि अंडी देणारी महाकाय मादीही अडकणार नाही, मधल्या मापाचाच येणार. माणसं काय विचार करून हत्यार घडवायची बघा.

अलास्कात १९९५ पासून प्रत्येक बोटवाल्याला त्याचा कोटा ठरवून दिलेला आहे, हंगामात केव्हाही जाऊन तो तेवढाच मासा धरतो. त्याआधी काय व्हायचं, तर अख्ख्या वर्षाचा हंगाम दोन-तीन दिवसांचा, चोवीस चोवीस तासांचा! वादळ असो काही असो, तारीख ठरली की सगळ्या बोटी एकदम सुटायच्या, माणसं बुडायची, कापलेल्या दोऱ्या गळासकट तळाशी राहून मासे मारत राहायच्या, आणि सगळा मासा एकाच दिवशी बंदराला येऊन पडायचा त्यामुळे नीट बर्फसुद्धा मिळायचा नाही. आज आपल्याला एप्रिल ते ऑक्टोबर ताजा तुकडा मिळतो तो या कोट्यामुळे. कोट्याचेही प्रश्न आहेत, लहान गावातल्या तरुण मच्छीमाराला कोटा विकत घेणं परवडत नाही ही तक्रार खरी आहे आणि मला ती पटते, पण मासा वाचवण्याच्या बाजूने बघितलं तर आधीपेक्षा हे शंभरपट बरं.

आणि म्हणून सगळं आलबेल आहे असंही समजू नका. गेली काही वर्षं पॅसिफिक हॅलिबटची संख्या कमी आहे, २०२५ साली एकूण पकडीची मर्यादा आधीच्या वर्षापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली आणली. शिवाय अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात दुसऱ्या माशांसाठी ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटी फिरतात त्यांच्या जाळ्यात लहान हॅलिबट येतो आणि तो त्यांना ठेवायची परवानगी नसल्याने परत टाकतात, बराचसा मेलेला. यावर तिकडे वर्षानुवर्षं भांडण चाललंय, आपल्याकडे पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात चालतं तसंच. मग खायचा की नाही? मी खाते, पण महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी तो नीट करते. बाकी दिवस रॉकफिश आहे, ब्लॅक कॉड आहे, सामन आहे. दुकानात निळ्या रंगाचं एमएससीचं, म्हणजे मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं चिन्ह असेल तर तो तपासलेल्या मासेमारीतला असतो, आणि माँटेरे बे ॲक्वेरियमवाल्यांची सीफूड वॉच म्हणून यादी आहे, त्यात कुठला मासा कुठून घ्यावा ते हिरवा-पिवळा-लाल असं सोपं करून दिलेलं असतं, फोनवर दोन मिनिटात बघता येतं.

नावाच्या बाबतीत सावध राहा. कॅलिफोर्निया हॅलिबट हा वेगळा मासा, ग्रीनलंड हॅलिबट आणखी वेगळा, तो जास्त तेलकट आणि मऊ, वाईट नाही पण या रेसिपीत तो चालणार नाही. आणि एक ॲरोटूथ फ्लाउंडर म्हणून असतो, त्याच्यापासून मात्र जपून. पहिल्या वर्षी मला एका दुकानात अगदी स्वस्तात पांढरे तुकडे मिळाले, काउंटरवरच्या मुलाने सांगितलं हॅलिबटसारखाच आहे, घेऊन जा. पाहुणे यायचे होते, मी कालवण केलं, झाकण काढून बघते तर तुकडे गायब, नुसती पेज झालेली. या माशाच्या मांसातच असं काहीतरी असतं की गरम व्हायला लागलं की ते स्वतःच विरघळायला लागतं, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी पाहुण्यांना वरण-भात आणि अंड्याची पोळी खाऊ घातली. तेव्हापासून सारखाच आहे असं कोणी म्हटलं की मी नाव विचारते, पूर्ण नाव.

आता तुकडा बघायचा कसा. कच्चा हॅलिबट दुधाळ पांढरा नसतो हे आधी लक्षात घ्या, तो काहीसा पारदर्शक असतो, मोत्यासारखी झाक असते, बोट आडवं धरलं तर कडेच्या पातळ भागातून किंचित उजेड दिसतो. दाबला की परत वर यायला हवा, थरांमध्ये भेगा पडलेल्या नकोत, कडा पिवळट किंवा सुकलेल्या नकोत, ट्रेमध्ये पाणी साचलेलं नको, आणि वास समुद्राच्या वाऱ्याचा हवा, मासळीचा नको. आई बाजारात कोळणीच्या टोपलीतला मासा उचलून आधी कल्ले उघडायची आणि मग काहीच न बोलता ठेवून द्यायची नाहीतर भाव विचारायची. इथे कल्ले बघायला मिळत नाहीत कारण मासा तुकडे होऊनच येतो, त्यामुळे डोळे आणि नाक दोनच हत्यारं.

कधी कधी कच्चाच तुकडा शिजल्यासारखा खडूपांढरा दिसतो. इकडे त्याला चॉकी म्हणतात. धरताना मासा फार तडफडला, लगेच रक्त काढून बर्फात घातला नाही की त्याच्या अंगात आम्ल साठतं आणि मांस असं होतं, भर उन्हाळ्यात जास्त दिसतं. खायला अपाय नसतो पण शिजल्यावर हमखास कोरडा लागतो. दुकानात कळलं तर घेऊ नका, घरी आणून कळलं तर तळू नका, त्याचे उकडून, बटाटा-आलं-मिरची-कोथिंबीर घालून कटलेट करा, तिथे तो खपून जातो.

माप विचारता आलं तर विचारा. दहा ते तीस पाउंडाच्या माशाचा तुकडा सगळ्यात छान, धागा बारीक आणि गोडसर. फार मोठ्या माशाचं मांस जाडंभरडं, त्यात पाराही जास्त साठलेला असतो, आणि तो मोठा मासा म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. पन्नास पाउंडाची मादी साधारण पाच लाख अंडी देते आणि अडीचशे पाउंडाची चाळीस लाख, तेव्हा तिला समुद्रातच राहू दे. पाऱ्याचं निघालंच आहे तर, गरोदर बायकांनी हा मासा आठवड्यातून एकदाच खावा असा इथल्या सरकारचा सल्ला आहे, तो पाळा.

फ्रोझनला नाकं मुरडू नका. बोटीवर किंवा बंदरावर लगेच गोठवलेला तुकडा आठ दिवस काउंटरवर पडलेल्या ताज्यापेक्षा कितीतरी चांगला, आणि स्वस्तही. फक्त तो सोडवायचा घाईत नाही. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि हवा काढून सील केलेलं पाकीट असेल तर ते आधी फाडायचं मग ठेवायचं, बंद पाकिटात हवा नसताना मासा सुटा होत राहिला तर त्यात विषारी जंतू वाढायची भीती असते, पाकिटावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही. मायक्रोवेव्हमध्ये सोडवला तर कडा शिजतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

चौघांना दीड पाउंड म्हणजे साधारण सातशे ग्राम पुरतो. कालवण करणार असाल तर आडवे कापलेले काट्याचे तुकडे मागा, त्यांना इथे स्टेक म्हणतात, काट्याने रसाला चव येते आणि कातडी असली की तुकडा फुटत नाही. तव्यावर करायचा असेल तर बिनकाट्याचा घ्या. कुठलंही करा, पहिलं काम मीठ. तुकडे कागदाने कोरडे करायचे, दोन्हीकडून मीठ लावायचं, वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग सुटलेलं पाणी परत कागदाने टिपायचं. यात दोन गोष्टी होतात, मांस घट्ट होतं आणि शिजताना वर जो पांढरा चिकट फेस येतो तो कमी येतो. लिंबू मात्र आधी लावून ठेवू नका, आपल्याला सवय असते मासा धुतला की लिंबू पिळायची, पण या माशाला लिंबाने अर्ध्या तासात बाहेरून शिजल्यासारखं होतं आणि मग तो कोरडाच लागतो. आंबटाला कोकमाचं आगळ घ्या, तेही दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

माझं आवडतं कालवण, आणि माझं ठाम मत आहे की हॅलिबटला कालवणासारखं काही नाही, कारण त्याच्यात जे तेल कमी आहे ते नारळ भरून काढतो आणि रसात असल्यामुळे तो सुकत नाही. सहा-सात बेडगी मिरच्या आणि तिखटासाठी दोन संकेश्वरी कोमट पाण्यात भिजवायच्या. एक वाटी ओलं खोबरं, फ्रोझन किसलेलं इंडियन दुकानात मिळतं ते चालतं, दीड चमचा धणे, पाच लसूण पाकळ्या, छोटा अर्धा कांदा, पाव चमचा हळद, आणि भिजवलेल्या मिरच्या, सगळं अगदी गंध वाटायचं. मिक्सरला तीनदा फिरवावं लागतं, खोबऱ्याचा रवा लागला जिभेला तर कालवण फसलं समजा. पातेल्यात तेलात चार लसूण ठेचून टाकायच्या, लाल झाल्या की वाटण, आणि ते कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसेपर्यंत परतायचं, मग पाणी, मीठ जपून कारण माशाला लावलेलं आहे, पाच-सहा आमसुलं, आणि रस चांगला दहा मिनिटं उकळू द्यायचा. इथे बाकीच्या माशांपेक्षा फरक आहे. बांगडा आपण रसात टाकून उकळतो, हॅलिबट उकळायचा नाही. रस पूर्ण तयार झाला, चव बघितली, मीठ-आंबट बरोबर आहे, मगच तुकडे एकेक करून सोडायचे, आच अगदी बारीक, रस थरथरला पाहिजे पण बुडबुडा फुटता कामा नये, झाकण ठेवून इंचभर जाडीच्या तुकड्याला पाच मिनिटं, आणि गॅस बंद. झाकण काढायचं नाही. आणखी पाच मिनिटं तो स्वतःच्या ऊबेत होतो. डाव घालून ढवळायचं तर अजिबात नाही, पातेल्याचे कान धरून गोल हलवायचं.

तिरफळं यात मी घालत नाही. आत्या मालवणची, ती म्हणते तिरफळाशिवाय माशाचं कालवण कसलं, आणि बांगड्याला, तारलीला मला ते पटतं, पण हॅलिबटची चव इतकी सौम्य आहे की तिरफळ पडलं की तिरफळच उरतं. त्यापेक्षा शेवटी मूठभर कोथिंबीर देठांसकट.

तव्यावर करायचं असेल तर मोठी अडचण जाडीची. इंच-दीड इंच जाड तुकड्याला रवा लावून तव्यावर टाकला की रवा-मसाला करपतो आणि मधे कच्चा, मग आपण झाकण घालतो, वाफ धरते, कुरकुरीतपणा जातो. म्हणून सुरी तिरकी धरून पाऊण इंचाचे, तळहाताएवढे तुकडे करून घ्या. मीठ टिपून झाल्यावर आगळ, हळद, मालवणी मसाला, आलं-लसणाची गोळी, सगळं एक चमचा तेलात कालवून लावा, ते तेल विसरू नका, या माशाला ते हवंच. मग रव्यात थोडं तांदळाचं पीठ, वरून हलकं दाबायचं. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल हात आखडून घालू नका, मध्यम आचेवर एका बाजूला तीन मिनिटं, उलटून दोन, बस. उलटताना रुंद उलथनं घ्या आणि एकदाच उलटा.

झाला की नाही ते कसं ओळखायचं, हेच खरं म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आहे. सुरीचं टोक सगळ्यात जाड जागी अलगद घालून थर जरासा बाजूला करायचा. कडेला पांढरा आणि अगदी मधोमध अजून मोत्यासारखी झाक दिसली की तेव्हाच उतरवायचा, ताटात वाढेपर्यंत ती झाक जाते. पूर्ण पांढरा होऊन थर आपोआप सुटायला लागले म्हणजे उशीर झाला. थर्मामीटर असेल तर मी ५५ अंश सेल्सियसला काढते, सरकारी सल्ला ६३ चा आहे, आणि घरात लहान मूल, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर तिथपर्यंत जाऊ द्या, फक्त मग तव्यापेक्षा कालवण करा म्हणजे कोरडेपणा जाणवत नाही. ओव्हनसाठी इंचाला दहा मिनिटं असा एक जुना हिशोब सांगतात, हॅलिबटला मी सातव्या मिनिटापासून बघायला सुरुवात करते. कच्चा मात्र खाऊ नका, या माशात कधी कधी बारीक किडे असतात, नीट शिजवला की त्यांचा काही त्रास नाही, दिसले तर सुरीने काढून टाकायचे.

ज्यांना तळणीची धाकधूक वाटते त्यांनी केळीच्या पानात करा. एशियन दुकानांत फ्रोझन पानं मिळतात, ती गॅसवर धरली की मऊ होतात. ओलं खोबरं, कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, जिरं, लसूण, मीठ-साखर, थोडं लिंबू अशी घट्ट चटणी, तुकड्याला सगळीकडून जाड थापायची, पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि मोदकपात्रात बारा मिनिटं वाफवायची. मुंबईत पारश्यांच्या लग्नात जेवलेल्यांना ही चव माहीत असेल. पान उघडल्यावर जो वास येतो त्याच्यासाठी मी जास्तीचा भात लावते. इथे लिंबू चालतं कारण लावलं की लगेच वाफेला जातं.

आणि एवढ्या महागाचा मासा, तर त्याचं काहीच वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं. दुकानात हॅलिबटचे गाल मागून बघा, डोक्यातून निघणाऱ्या गोल गोल वड्या असतात, थोडे खेकड्याच्या मांसासारखे लागतात, तुपात लसूण-मिरी घालून दोन मिनिटं. डोकं आणि मधला काट्याचा सांगाडा बऱ्याच ठिकाणी अगदी थोड्या पैशात देतात कारण इकडे ते कोणी नेत नाही. फिशरमेन्स टर्मिनलला, म्हणजे १९१४ पासून जिथे या शहराच्या मासेमारी बोटी लागतात तिथे, हंगामात कधी कधी बोटीवरून थेट मासा मिळतो. मागच्या जूनमध्ये तिथे एका म्हाताऱ्या नॉर्वेजियन आजोबांनी मला डोकं कागदात बांधून दिलं आणि विचारलं, मांजरासाठी का. मी सांगितलं, नाही हो, माझ्यासाठी, सार करणार. ते खूश झाले, म्हणाले माझी आई पण डोक्याचंच सूप करायची, आणि पैसे घेतले नाहीत.

त्या साराचं सांगते. कल्ले काढून डोकं स्वच्छ धुवायचं, कल्ले राहिले तर कडू होतं. दोन तुकडे करून थंड पाण्यात आल्याचा तुकडा, दहा मिरीदाणे, कांद्याचे दोन फोडी घालून वीस मिनिटं बारीक आचेवर, त्याहून जास्त नाही, वर येणारा फेस काढत राहायचा. गाळायचं, डोक्याचं मांस सुटं करून ठेवायचं. गाळलेल्या पाण्यात नारळाचं घट्ट दूध, आमसुलं, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ, आणि वरून तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी, मग सुटं केलेलं मांस परत त्यात. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही नाहीतर फाटतं. गरम भातावर घ्यायचं, बाजूला पोह्याचा पापड. कालवण उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तुकडे आधी काढून ठेवायचे, रस एकटाच खळखळून तापवायचा, गॅस बंद करायचा आणि मगच तुकडे त्यात सोडून झाकण ठेवायचं, भात वाढून होईपर्यंत ते आतपर्यंत गरम होतात.